कौल कुणाचा, विचारला कुणाला?

एप्रिल महिन्यात आम्ही काही जण खडकीला गेलो होतो. डांगाणातली आपली पोरं तिथं बांधकामावर होती, त्यांना मतदानासाठी गावी आणायचं होतं. संध्याकाळी बाजारात चहा पीत उभे होतो, तर हातात छापील फॉर्म घेऊन एक मुलगा आला. कुठल्याशा टीव्हीवाल्यांचा सर्व्हे होता. शेजारच्या दुकानदाराला त्याने दहा-बारा प्रश्न विचारले. मग आमच्याकडे वळला.

"तुमचं मत इथलंच का?"

"नाही, गावाकडचं. भीमाशंकरच्या बाजूचं."

"मग उपयोग नाही," म्हणाला, आणि पुढं गेला.

त्या मुलावर आमचा राग नाही. त्याला तिथलेच मतदार हवे होते. पण परत आल्यावर आम्ही वाडी-वाडीत विचारलं, इथं कुणी फॉर्म घेऊन आलं होतं का? कुठंच आलं नव्हतं. म्हणजे खडकीत आपण गावाकडचे, आणि गावाकडं आपल्याला विचारायला कुणी येत नाही.

नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. टीव्ही-पेपरात 'फील गुड'च्या जाहिराती, त्याही सरकारी तिजोरीतून. देश चमकतोय म्हणे. मतदानानंतरचे सर्व्हे आले, त्यांत बहुतेकांनी वाजपेयींच्या आघाडीला २३० ते २७५ जागा दिल्या. १३ मे रोजी पेट्या उघडल्या, तर आघाडी १९० च्या आतच राहिली. भाजप १३८, काँग्रेस १४५. आंध्रात चंद्राबाबूंचं पेपरवाले किती कौतुक करायचे! त्यांच्या पक्षाला विधानसभेच्या २९४ पैकी ४७ जागा मिळाल्या. तिथले शेतकरी कर्जापायी जीव देत होते, पण चर्चा चालली होती हैदराबादच्या कॉम्प्युटरची.

आता आपल्या बैठकीत सगळे म्हणतात, टीव्हीवाले विकले गेले. काही विकले गेले असतील. पण एवढ्यावर सोडून दिलं तर आपण काहीच शिकणार नाही. काही पत्रकार पायी डोंगर चढून आले, वाडीत राहिले आणि खरं लिहिलं, हेही विसरू नये. आणि गरिबांनी सगळीकडे एकालाच पाडलं असंही नाही. आपल्या खेड मतदारसंघात शिवसेनाच निवडून आली. म्हणजे आपलं मत गृहीत धरायचा हक्क ना त्यांना आहे, ना यांना.

आम्हाला वाटतं, खोट तीन ठिकाणी आहे.

पहिली खोट, विचारायला जातात ते रस्ता असेल तिथं. पेपर जाहिरातीवर चालतो आणि जाहिरात वस्तू घेणाऱ्यासाठी असते. म्हणून पुण्याच्या पेपरात सोन्याचा भाव रोज दिसतो, आपल्या बाळहिरड्याचा भाव आम्ही कधी पाहिला नाही. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत पोरं भुकेनं मेली, तेव्हा कुठं त्या गावांची नावं छापून आली. मरणाआधीची भूक ही बातमी नव्हती.

दुसरी खोट शब्दांत आहे. ३ मे २००२ ला दिल्लीच्या मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. पेपरांनी तोच शब्द उचलला. 'अतिक्रमण' म्हटलं की वाचणाऱ्याचा निवाडा तिथंच होतो. आजा-पणजापासून नाचणी-वरई पिकवणारा माणूस चोर ठरतो, आणि त्याला काय म्हणायचंय ते विचारायची गरजच उरत नाही.

तिसरी खोट आपली आहे, आणि तीच बोलायला अवघड जाते. कुणी कागद-पेन घेऊन आला की आपण त्याला फॉरेस्टवाला समजतो. मग तो विचारेल त्याला 'हो साहेब', 'बरं चाललंय साहेब'. मत एकाला आणि नाव दुसऱ्याचंच. भीतीनं दिलेलं उत्तर आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण असल्या उत्तरांतूनही 'फील गुड' तयार होतं.

आपल्याकडे देवाला कौल लावतात. दाणे चिकटवतात ते सगळ्यांच्या देखत, आणि कुठला दाणा पडला तेही सगळा गाव बघतो. टीव्हीवरच्या कौलात दाणे कुणी लावले, किती लावले, कुठल्या गावात लावले, हे दिसत नाही. दिसतो तो फक्त भगत. म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर आकडा आला की आधी विचारा, किती माणसांना विचारलं? कुठं विचारलं? पैसे कुणी दिले? आपल्याला गोड वाटणारा आकडा असला तरी हेच विचारा.

२००४ साली आलेल्या सरकारच्या किमान समान कार्यक्रमात एक ओळ आपली होती: आदिवासींना जंगलातून हुसकावणं थांबवू. ही ओळ कुठल्या सर्व्हेतून आलेली नाही. देशभर लोक रस्त्यावर बसले, तुरुंगात गेले, त्यातून आली आहे. पण ओळ म्हणजे सातबारा नव्हे. पुन्हा सर्व्हे येतील, पुन्हा कुणी चमकवतील.

तोवर आपण आपली मोजणी करू. प्रत्येक वाडीने वहीत लिहावं: किती घरं, कोण कधीपासून कसतो, किती जमीन, दंडाच्या पावत्या कुणाकडे आहेत, कुणाचं पीक नासवलं, कुठल्या तारखेला. दाव्यांची तपासणी गावपातळीवरच्या समितीने करायची आहे. तिथं 'बरं चाललंय साहेब' म्हणून चालणार नाही. तिथं खरं बोला, मोठ्यानं बोला, बायांनीही बोला, आणि बोललेलं लिहून घ्या.

वहीची एक नकल गावात ठेवा, एक संघटनेकडे द्या. पेपरवाला आला तर त्याच्यापुढे तीच ठेवू. नाही आला तर ती घेऊन आपणच त्याच्या दारात जाऊ.