माइक ज्याच्या हाती

पुरस्कार सोहळ्यातल्या उद्धटपणाचा विषय निघाला की सगळे थेट विल स्मिथच्या थपडेपाशी येऊन थांबतात. २७ मार्च २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात क्रिस रॉकने जेडा पिंकेट स्मिथच्या भादरलेल्या डोक्यावर विनोद केला. केस गळण्याच्या आजाराबद्दल ती आधीच जाहीरपणे बोलली होती. तिचा नवरा विल उठला, मंचावर गेला, रॉकच्या थोबाडीत मारून परत जागेवर येऊन बसला. थप्पड चूकच होती, तिची वकिली कुणी करू नये. पण खरी गंमत पुढे आहे. साधारण पाऊण तासाने त्याच माणसाला ‘किंग रिचर्ड’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांची बंदी आली ती ८ एप्रिलला, त्याने ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सदस्यत्वाचा राजीनामा देऊन टाकल्यानंतर. त्या रात्री यजमानांना कार्यक्रम न थांबण्याची काळजी होती, सभ्यतेची नव्हे. आणि माझा आक्षेप यजमानांवरच आहे. अपमानाची सोय तेच करून ठेवतात आणि शिष्टाचाराची अपेक्षा मात्र समोरच्या खुर्चीत बसलेल्याकडून होते.

आपल्या हिंदी सोहळ्यांत हे जास्त उघड दिसतं. एका फिल्मफेअर सोहळ्यात शाहरुख खान आणि सैफ अली खान यांनी नवख्या नील नितीन मुकेशला सगळ्यांदेखत विचारलं, की तुझ्या नावात आडनाव कुठे आहे? वडील नितीन मुकेश शेजारीच बसले होते. हा आपला अपमान आहे, असं नीलने तिथल्या तिथे सांगितलं आणि दोघांना गप्प बसायला सुनावलं. त्यानंतर चर्चा रंगली ती पोराला विनोद कळतो की नाही याची. ऑस्कर निदान थेट प्रक्षेपित होतो. आपले बहुतेक सोहळे आधी चित्रित होतात, कापले-जोडले जातात आणि मग कधीतरी वाहिनीवर येतात. अशा कार्यक्रमात कुणाचा पडलेला चेहरा दिसला, तर तो ठेवायचं कुणीतरी ठरवलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, टिंगल हा या प्रकाराचा प्राणच आहे. मान्य. रिकी जर्व्हेसने गोल्डन ग्लोब्जचा सूत्रसंचालक म्हणून पाच वेळा हेच केलं. २०२० मध्ये तर त्याने विजेत्यांना बजावलं, की राजकारणावर प्रवचनं देऊ नका, पुरस्कार घ्या आणि चालते व्हा. पण त्याचा रोख समोरच्यांच्या ढोंगावर आणि त्यांना पोसणाऱ्या कंपन्यांवर होता. आजार किंवा आडनाव हे कुणाचं ढोंग नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २००९ च्या एमटीव्ही सोहळ्यात कान्ये वेस्ट तर प्रेक्षकांतूनच मंचावर चढला होता, तिथे यजमानांचा काय दोष? दोष नाहीच. पण त्यानेही आधी पुरस्कार घेत असलेल्या एकोणीस वर्षांच्या टेलर स्विफ्टच्या हातातला माइक काढून घेतला आणि मगच तो बोलला. माइक हाती आला की समोरच्याने निमूट ऐकायचं, हा नियम त्यालाही ठाऊक होता.

आणि हाच नियम सभ्यपणे मोडणाऱ्याला काय मिळतं? १९७३ मध्ये मार्लन ब्रँडोच्या वतीने सशीन लिटलफेदरने ऑस्कर नाकारला. कारण दिलं, चित्रपट आदिवासी अमेरिकनांना कसं रंगवतात ते. आवाज न चढवता, मिनिटभरात. तिची हुर्यो उडवली गेली. त्याच रात्री क्लिंट ईस्टवूडने मंचावरूनच तिच्या मुद्द्याची खिल्ली उडवली, तेव्हा लोक हसले. पुढे तिच्या आदिवासी वंशाच्या दाव्याबद्दल वाद झाले, पण त्या रात्री कुणाला ते माहीत नव्हते. अकादमीची माफी २०२२ मध्ये आली.

म्हणून एखादा कलावंत सोहळ्यात ‘उद्धट’ वागला अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी माइक कुणाच्या हाती होता ते बघा. नकार आणि उर्मटपणा यांत आपण फार घोळ घालतो. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं, तेव्हा सोहळ्यात गाण्याची विनंती लताबाईंनी साफ नाकारली, कारण गायकांसाठी पुरस्कारच नव्हता. १९५९ मध्ये तो सुरू झाला आणि पहिला लताबाईंनाच मिळाला, ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी.