बाईचा गुन्हा आणि सातबारा



देशातल्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे बाया सुमारे चार. इटलीच्या लोंब्रोसोने १८९३ साली बाईच्या गुन्ह्याचे मूळ तिच्या शरीरात शोधले. अमेरिकेच्या फ्रेडा अ‍ॅडलरने १९७५ साली ते तिला मिळालेल्या मोकळीकीत पाहिले. आम्ही म्हणतो, आधी सातबारा पाहा. हातभट्टीवर पकडलेल्या विधवेच्या, टाकलेल्या बाईच्या नावावर बहुधा जमीन नसते, म्हणून पीककर्ज नसते. मग पोटासाठी भट्टीच उरते. विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी उचलून शेतात गेले; जिच्या नावावर शेतच नाही तिला त्याचा काय उपयोग? १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. ते काम अर्धे राहिले आहे. बाईला दोष देण्याआधी तलाठ्याकडे जाऊन या.