गनीमतीचा अध्याय संपला, हे उघड सांगा!

मुस्लिम बंधू-भगिनींनो,

१५ ऑगस्ट २०१४. इराकच्या सिंजार भागातलं कोचो गाव. ‘इस्लामिक स्टेट’च्या बंदूकधाऱ्यांनी सगळ्या यझिदींना शाळेत गोळा केलं. बायापोरं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. पुरुषांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या, पोरीबाळी बसमध्ये कोंबून विकायला नेल्या. दोनच महिन्यांनी या टोळीने आपल्या मासिकात छाती फुगवून छापलं : सिंजारच्या बायकामुलांपैकी पाचवा हिस्सा ‘खुम्स’ म्हणून सत्तेकडे जमा, बाकीचे लढणाऱ्यांत वाटले.

‘यांचा इस्लामशी संबंध नाही’ म्हणून हात झटकू नका. हिशेब जुन्या पोथ्यांतलाच आहे. सूरह अनफालच्या ४१व्या आयतीत गनीमतीचा, म्हणजे युद्धातल्या लुटीचा, पाचवा हिस्सा अल्लाह, रसूल, त्यांचे आप्त, अनाथ, गरीब आणि वाटसरूंसाठी सांगितला आहे. उरलेले चार हिस्से लढवय्यांचे, असं फिकहने, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राने, ठरवलं. घोडेस्वाराला इमाम अबू हनीफांनी दोन वाटे दिले, त्यांच्याच शिष्यांनी तीन. बंदिवान बायकामुलंही याच वाटणीत धरली गेली. सातव्या शतकातल्या बेबंद लुटीला या नियमांनी वेसण घातली, लूट लपवणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, हे आम्ही नाकारत नाही. पण माणूस वाटणीत धरायचा, हे आज कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि नियम बदलत नाही, असं कोण म्हणतं? इराक जिंकल्यावर सैनिकांनी तिथल्या जमिनीची वाटणी मागितली. खलिफा हजरत उमरनी ठाम नकार दिला. आजच सगळं वाटलं तर पुढे येणाऱ्यांना काय उरेल, असा त्यांचा सवाल होता. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली, त्यांच्यावर खराज, म्हणजे जमीनकर, बसला. प्रेषितांच्या काळात बद्र-खैबरची वाटणी पाहिलेल्या पिढीसमोर खलिफाने हा निर्णय घेतला!

सप्टेंबर २०१४मध्ये शंभरावर उलेमांनी ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या बगदादीला खुलं पत्र लिहून गुलामी पुन्हा आणणं निषिद्ध ठरवलं. ट्युनिसचा शासक अहमद बेने तर १८४६ सालीच ती बंद केली होती. मग आपल्या मदरशांत ‘हिदाया’ या हनफी फिकहच्या ग्रंथातलं युद्धाचं प्रकरण शिकवताना हे का सांगायचं नाही?

मौलानासाहेबांना विचारा. येत्या जुम्म्याच्या खुतब्यात त्यांनी नि:संदिग्ध सांगावं : गनीमत आणि गुलामीचे हे नियम इतिहासजमा झाले आहेत, त्यांचा अंमल आज हराम आहे. यझिदी मुलींचं नाव घेऊन सांगावं. त्यांतल्या कित्येकींचा अजून पत्ता नाही.