हुतुतू, फुगडी आणि भरतीची धाव

तूर फुलोऱ्यावर येऊन थंडीची चाहूल लागली, म्हणजे आमच्या धनज बुद्रुकच्या शिवारातून अमरावतीकडे जाणाऱ्या सडकेवर, कापसाच्या गाड्यांची आणि दुधाच्या मोटरसायकलींची वर्दळ सुरू होण्यापूर्वीच, एक निराळी रहदारी सुरू होते. सोळा-अठरापासून पंचविशीपर्यंतची मुले, आणि अलीकडे ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या मुलीही, अंधारातच घराबाहेर पडतात. एखादा विजेचा खांब ही प्रस्थानाची खूण ठरते, कुणाच्या तरी मोबाइलवर वेळ लावली जाते, आणि मग जो तो आपापल्या नशिबाच्या दिशेने धावू लागतो. नशिबाच्या म्हणतो तो अलंकार म्हणून नव्हे. पोलीस शिपायाच्या भरतीत शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे, १५ गुण १०० मीटर धावण्याचे आणि १५ गोळाफेकीचे. आणि ज्या घराचा संसार तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर चालतो, त्या घराच्या लेखी हे गुण सातबाऱ्याच्या उताऱ्याहून कमी मोलाचे नसतात.

या मंडळींच्या कडेकडेने, माझ्या वयाला शोभेल अशा बेताने, मीही पाय उचलीत असतो. दम घेण्यासाठी थांबलेल्या त्यांच्यातील एका चुणचुणीत मुलाने मला एकदा मोठ्या कनवाळूपणाने विचारले, “काकाजी, तुमी कायले पयता? तुमची आता कोन्ती भरती हाय?” बाकीचे हसले, मीही हसलो, परंतु प्रश्न रास्त होता. आमच्या मुलखात अकारण धावणारा मनुष्य दिसला, तर त्याच्या मागे कुत्रे लागले आहे किंवा त्याची एस.टी. चुकते आहे, असेच लोक समजतात. देहाला श्रम द्यायचे ते काही प्रयोजन असेल तरच, ही शेतीवर पोसलेल्या समाजाची पिढीजात धारणा आहे आणि तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की प्रयोजन संपले की धावही संपते. ज्याची निवड झाली त्याच्या कमरपट्ट्याला चार-सहा वर्षांत नवे भोक पाडावे लागते, आणि ज्याची झाली नाही तो वयाची मर्यादा उलटताच पहाटेची सडक सोडून पानठेल्याच्या बाकावर स्थानापन्न होतो. वर्षानुवर्षे भल्या पहाटे उठलेली ही माणसे एकदम इतकी निवृत्त कशी होतात, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. त्या पहाटेत त्यांना खरोखर जे आवडत होते ते धावणे नव्हतेच. परस्परांना हाका मारून उठविणे, मागे पडलेल्याची थट्टा करणे, धाव संपल्यावर पुलाच्या कठड्यावर बसून गावच्या बातम्यांचा समाचार घेणे, हे त्यांना आवडत होते. ते तर भरतीशिवायही चालू ठेवता आले असते; पण तीच मुख्य गोष्ट होती हे त्यांना कुणी सांगितले नाही, आणि त्यांच्याही ध्यानात आले नाही.

शेतकऱ्याच्या गावाला व्यायामाची गरजच काय, असा आक्षेप येथे कुणी घेईल. डवरणी, निंदण, वेचणी, सोंगणी यांत ज्याचा जन्म गेला त्याला जोर-बैठका शिकविणे हा उद्धटपणाच होईल, हे मला मान्य आहे. मात्र दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ जी धरते ती व्यायामाच्या अभावाने नव्हे तर एकाच प्रकारच्या अतिश्रमाने, आणि तिला हवी असते ती विश्रांती, किंवा तीच पाठ निराळ्या दिशेने, निराळ्या मनःस्थितीत वळविण्याची संधी. शिवाय गाव आता पूर्वीचे राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, सोयाबीनची मळणी यंत्राने होते, आणि वावरात जाणारा तरुण मोटरसायकलवर बसून जातो आणि बसूनच परत येतो. दुकानदार, शिक्षक, कारकून आणि माझ्यासारखे लेखणी चालविणारे तर आधीपासूनच बैठे. त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची उलाढाल आता बी-बियाण्यांच्या उलाढालीशी स्पर्धा करू पाहते आहे.

या बाबतीत लंडन शहरातील एक जुनी चौकशी मला फार मार्मिक वाटते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या नोकरवर्गाची पाहणी केली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढ-उतार करणारा. एकाच गाडीत, एकाच शहराची हवा खात काम करणाऱ्या या दोघांत हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये अधिक आढळले. पुढे १९५६ साली याच मंडळींनी आपल्याच निष्कर्षाची उलटतपासणी केली, आणि तीही कशी, तर खात्याच्या दप्तरातून गणवेशांची मापे काढवून. तेव्हा असे दिसले, की चालकांच्या विजारी नोकरीच्या प्रारंभापासूनच वाहकांच्या विजारींपेक्षा कमरेला रुंद होत्या, म्हणजे काही फरक माणसे निवडली जातानाच पडलेला होता. शिंप्याच्या फितीवरून शास्त्र शोधणारा हा प्रामाणिकपणा मला मूळ निष्कर्षाइतकाच आवडतो. तरीही हालचालीने हृदयाचे रक्षण होते हा त्यांचा मुख्य सिद्धांत पुढील संशोधनात टिकला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याकाठी किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस करते. मला त्यातून निराळाच बोध झाला. लंडनचा तो वाहक आरोग्यासाठी जिना चढत नव्हता. वरच्या मजल्यावरची तिकिटे फाडायची होती म्हणून चढत होता. त्याचा व्यायाम त्याच्या दिवसाच्या आत, कुणाच्याही निश्चयावाचून, बसवून दिलेला होता. आमच्या एस.टी.च्या वाहकाला जिना नाही, पण बाजाराच्या दिवशी कारंज्याच्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तो जो मार्ग काढतो, त्याची गणना कोणत्या व्यायामप्रकारात करावी हे शारीरिक शिक्षणाच्या पंडितांनीच ठरवावे.

पंडित म्हटल्यावर अमरावतीचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. धनजहून फार दूर नसलेल्या त्या शहरात १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. परकीय सत्तेच्या काळात तरुणांची शरीरे बलवान करण्यामागे जो राष्ट्रीय हेतू होता तो उघड होता. परंतु मंडळाच्या कर्तृत्वाचा विशेष मला निराळ्या ठिकाणी दिसतो. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, हुतुतू असे जे जे या मातीत आधीपासून खेळले जात होते, ते ते त्यांनी उचलले, त्याला शिस्त आणि अध्यापनाची पद्धत दिली, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी मंडळाचे पथक थेट तेथे जाऊन हुतुतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. ज्या खेळाला चेंडू लागत नाही, दांडू लागत नाही, जाळे लागत नाही, ज्याचा सारा सरंजाम म्हणजे जमिनीवर ओढलेल्या रेघा आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास, तो खेळ वऱ्हाडातल्या मुलांनी युरोपातल्या एका राजधानीत खेळून दाखवावा, ही कल्पनाच मला अत्यंत रम्य वाटते. हुतुतूत दम धरण्याचा अभ्यास आहे, झेप आहे, पकड आहे. परंतु खेळणाऱ्याला यातले काही जाणवत नाही, त्याला जाणवते ते एवढेच, की समोरच्या सात जणांनी साखळी करून आपली कोंडी चालविली आहे.

याच्या उलट टोकाला औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी. सूर्यनमस्कारांवर त्यांची निष्ठा जाज्वल्य होती. स्वतः ते नित्यनेमाने नमस्कार घालीत, त्यांवर पुस्तके लिहीत, आणि संस्थानातील शाळांमधून त्यांनी ते सुरू करविले. नमस्कारासारखा सर्वांगीण आणि बिनखर्ची व्यायाम नाही, हे निर्विवाद. पण राजाला जो आनंद होत होता तो हुकुमाने प्रजेत वाटता येतो काय, याविषयी मी साशंक आहे. एकट्याने, भिंतीकडे तोंड करून, आकडे मोजीत करावयाचा व्यायाम विरक्त प्रकृतीच्या माणसाला मानवतो. आणि विरक्त माणसे आमच्या गावात, माझ्यासकट, थोडी.

नियमितपणाचे खरे शास्त्र, माझ्या मते, आमच्या पोरींना ठाऊक होते. भाद्रपदी पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी पाटावर बसली, की कोजागरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणण्याचा जो शिरस्ता विदर्भात चालत आला, त्याकडे कुणी व्यायाम म्हणून पाहिलेले नाही. मात्र एका घरून दुसऱ्या घरी चालणे, टिपऱ्या, फेर, आणि गाणी संपली की अंगणात फुगड्या, हे सारे मोजले तर कोणत्याही तज्ज्ञाच्या शिफारशीहून ते कमी भरणार नाही. बस फुगडीत मांड्यांची जी परीक्षा होते ती ज्याने पाहिली नसेल त्याने बैठकांचा गर्व करू नये. लोळण फुगडी आणि जाते फुगडी यांविषयी तर पुरुषांनी मौन पाळावे हेच बरे. झिम्मा, पिंगा आणि कोंबडा हे आणखी निराळे. आणि एकही मुलगी एकही संध्याकाळ चुकवीत नसे, याचे रहस्य काय? रहस्य होते खिरापत. प्रत्येक घरची खिरापत झाकून ठेवलेली असे, ती आंबट की गोड, तिखट की तुरट, हे प्रश्न विचारीत विचारीत ओळखायची असे, आणि आज गैरहजर राहिले तर आजची खिरापत आणि आजचा विनोद दोन्ही कायमचे बुडणार हे प्रत्येकीला ठाऊक असे. मनुष्याला रोज एका जागी आणण्यासाठी एवढी साधी, एवढी निर्दोष युक्ती कोणत्याही व्यायामशास्त्रज्ञाला सुचल्याचे माझ्या वाचनात नाही.

आखाड्याची घडणही बारकाईने पाहिली तर हेच दिसते. हौदातली माती फावड्याने रोज उकरावी लागे, तिच्यात ताक, तेल, हळद कालवावी लागे, आणि हे एकट्याचे काम नव्हे. शिवाय कुस्तीला जोड लागते, आणि आपण गेलो नाही तर आपला जोडीदार नुसताच उभा राहील ही भीड माणसाला अंथरुणातून उठवीत असे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरसाल पंढरपुरास जाते, तेव्हा सातशेहून अधिक किलोमीटरांची ती वाट महिनाभर पायी चालणारे लोक काही पहिलवान नसतात. पाय टाळांच्या ठेक्यावर पडतो आणि शेजारचा चालतो आहे म्हणून आपणही चालतो. (आमच्याच तालुक्यातून गेलेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गावर मात्र पायी चालण्यास मनाई आहे. आधुनिक काळाचे एवढे स्पष्ट बोलणे दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळते.)

तथापि जुन्याचे गुणगान करताना एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आखाडा पुरुषांचा होता, आणि कित्येक गावांत तो सर्व पुरुषांचाही नव्हता. हौदाच्या मातीला जात कळत नसली तरी हौदाच्या दारातल्या माणसांना ती कळत असे. भुलाबाई मुलींची खरी, पण लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईच्या वाट्याला फुगडी येई ती माहेरी आल्यावर किंवा मंगळागौरीच्या रात्री. एरवी तिचा घाम चुलीपाशी आणि वावरात. म्हणून जुन्या संस्था जशाच्या तशा उकरून काढण्यात मला स्वारस्य नाही. त्यांतली सोबत, ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि थोडीशी गंमत एवढे घ्यावे, आणि दार मोकळे ठेवावे.

आता आपण काय करतो ते पाहावे. गावोगावी सरकारी अनुदानातून खुल्या व्यायामशाळेची लोखंडी उपकरणे बसली. मंजुरी झाली, देयके निघाली, फीत कापली गेली. पहिला महिनाभर पोरे त्यांवर लोंबकळली, आणि पुढे कित्येक ठिकाणी त्यांवर गोधड्या वाळू लागल्या. त्यात पोरांचा दोष मी मानीत नाही. एकेक यंत्र एकेका माणसासाठी घडविलेले, आणि त्यांवर बसणाऱ्यांची तोंडे बहुधा चार दिशांना. तेथे कुणी कुणाची वाट पाहत नाही, कुणी कुणाला चिडवीत नाही, आणि कुणी आले नाही तर कुणाचे काही अडत नाही.

माझा प्रस्ताव अगदी किरकोळ खर्चाचा आहे आणि तो मी ग्रामसभेपुढे रीतसर अर्जाने मांडणार आहे. शाळेच्या मैदानात चुन्याच्या रेघा ओढून हुतुतूचे एक पटांगण आखावे; पुरुषांचे प्रमाण माप १३ मीटर बाय १० मीटर, पण चाळिशी ओलांडलेल्यांसाठी महिलांचे १२ बाय ८ पुरे होईल, कारण धावण्यापेक्षा वाद घालण्याची आमची क्षमता अधिक आहे. भरतीच्या मुलांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्हांला पकडी शिकवाव्यात, आणि वयाची मर्यादा उलटल्यावर त्यांनीही आमच्याच बाजूला येऊन उभे राहावे. स्वयंपाक उरकल्यानंतरचा एक तास मैदान केवळ बायकांचे असावे, तेवढ्या वेळात तेथे एकाही पुरुषाने, मग तो सरपंच का असेना, फिरकू नये, आणि खांबावरचा बंद पडलेला दिवा त्यासाठी आधी दुरुस्त व्हावा. फुगडी घालायची, झिम्मा खेळायचा, की नुसते पाय पसरून बसायचे, याचा निर्णय सर्वस्वी त्यांचा. खिरापतीचा खर्च मात्र कोणत्याही योजनेत दाखवू नये. तिचे अंदाजपत्रक एकदा पंचायतीच्या फलकावर लागले, की ती ओळखण्यात कसली आली आहे मौज!