टोचनाचा दोर आणि विजेची मोटार

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर बंद पडलेली मोटार फार वेळ एकटी राहत नाही. चार माणसे धक्का मारायला पुढे येतात, एखादा टेम्पोवाला थांबतो, डिकीतून दोर निघतो आणि गाडी ‘टोचन’ होऊन जवळच्या गॅरेजच्या दिशेने निघते. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांबाबत हा रिवाज वर्षानुवर्षे चालत आला आणि बहुतेक वेळा निभावूनही गेला. विजेवर चालणाऱ्या मोटारीला मात्र हीच मदत महागात पडते. बोरघाटात किंवा कसाऱ्याला बंद पडलेली ई-मोटार चांगल्या मनाने दोर बांधून दहा-वीस किलोमीटर ओढली, तर किरकोळ बिघाडाचे रूपांतर मोटर आणि तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलण्याच्या खर्चात होऊ शकते. गाडी अपघातात सापडलेली किंवा पाण्यात बुडालेली असेल, तर प्रश्न खर्चाचा न राहता जिवाचा होतो. हिरव्या पाटीच्या गाड्या रस्त्यावर वाढत असताना त्या बंद पडल्यावर काय करायचे, याची माहिती त्या वेगाने पसरलेली नाही. ती चालकांना हवी आहे आणि त्याहून अधिक रस्त्यावरच्या मदत यंत्रणेला हवी आहे.

यामागचे विज्ञान नवे नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की, चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. विजेची मोटर आणि वीजजनित्र ही याच तत्त्वाची दोन रूपे. वीज दिली की मोटर चाके फिरवते. बाहेरून चाके फिरवली की तीच मोटर वीज तयार करू लागते. उतारावर किंवा पाय उचलल्यावर ई-मोटारीची बॅटरी थोडी भरते, ती याच गुणामुळे. गाडी चालू असताना या विजेवर नियंत्रण ठेवायला इन्व्हर्टर असतो, मोटर थंड ठेवायला पंप असतो, किती वीज बॅटरीत घ्यायची हे ठरवणारा संगणक असतो. गाडी बंद पडलेली असताना यांपैकी कोणीही जागेवर नसते. आजच्या बहुतेक ई-मोटारींत मोटरच्या फिरत्या भागात कायमचुंबक बसवलेले असतात. त्यामुळे चाके फिरली की वीज तयार होणारच आणि वेग वाढेल तसा तिचा दाबही वाढणार. ही वीज आणि तिच्यासोबत येणारी उष्णता नको तिथे जाते.

‘गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आहे ना, मग काय होते?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. साध्या गिअरच्या गाडीत न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाके यांची खरोखरची फारकत. बहुतेक ई-मोटारींत तशी फारकत होतच नाही. एकाच ठरावीक गिअरने मोटर चाकांना कायमची जोडलेली असते. न्यूट्रल म्हणजे मोटरला ‘वीज घेऊ नकोस’ एवढा आदेश. चाके फिरली की मोटर फिरतेच. शिवाय बंद गाडीत ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते. घाटाच्या उतारावर, दोराच्या टोकाला, जड स्टिअरिंग आणि दगडासारखा ब्रेक असलेली गाडी सांभाळणे हे कोणत्याही इंधनाच्या मोटारीत धोक्याचे असते. ई-मोटारीत बॅटरीचे वजनच काहीशे किलो असल्याने तो धोका वाढतो.

म्हणूनच जवळपास प्रत्येक ई-मोटारीच्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य या ना त्या शब्दांत सापडते : गाडी चारही चाके जमिनीपासून वर ठेवूनच न्यावी. त्यासाठी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाट्याचा ट्रक, हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. फक्त पुढची किंवा फक्त मागची चाके उचलणारी क्रेन काही गाड्यांना चालते, पण कोणती चाके उचलायची हे गाडीगणिक बदलते. नेक्सॉन ईव्हीत मोटर पुढची चाके फिरवते, बीई ६ मध्ये मागची, तर हॅरियर ईव्हीच्या एका प्रकारात पुढे-मागे दोन्हीकडे मोटर आहे. रस्त्याच्या कडेला, अंधारात, क्रेनवाल्याने अंदाजाने निर्णय घ्यावा अशी ही बाब नाही. फ्लॅटबेड मिळतच नसेल, तर जमिनीवर राहणाऱ्या चाकांखाली छोट्या चाकांच्या ट्रॉल्या घालून गाडी हलवता येते. इमारतींच्या तळघरातील वाहनतळात तर हाच उपाय उरतो, कारण तिथल्या कमी उंचीच्या छताखाली फ्लॅटबेड शिरतच नाही.

याचा अर्थ गाडी जागची हलवायचीच नाही असा नव्हे. द्रुतगती मार्गाच्या मधल्या मार्गिकेत बंद पडलेली मोटार तिथेच ठेवणे हा मोटर जळण्याहून मोठा धोका आहे. न्यूट्रल लागत असेल, तर माणसाच्या चालण्याच्या वेगाने काही मीटर ढकलून ती कडेला घेता येते. फ्लॅटबेडवर चढवतानाही हेच करावे लागते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा ‘टो मोड’ असतो. दोर किंवा साखळी बांधायची ती गाडीसोबत मिळणाऱ्या, बंपरमागच्या खाचेत फिरवून बसवायच्या कडीलाच. सस्पेन्शनला किंवा बॅटरीच्या पेटीजवळ आकडा अडकवणे म्हणजे गाडीतल्या सर्वांत महागड्या भागाशी खेळ. धोक्याचे दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण पुरेसा मागे ठेवावा आणि प्रवाशांनी गाडीत न थांबता कठड्यापलीकडे उभे राहावे, हे नियम इंधन कोणतेही असले तरी बदलत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक फोनमध्ये असायलाच हवेत.

गाडी खरोखर कशामुळे थांबली, हेही पाहायला हवे. ई-मोटार बंद पडली की पहिला संशय मोठ्या बॅटरीवर जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोषी असते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी, अगदी पेट्रोल गाडीत असते तशीच. दरवाजांची कुलुपे, पडदे, संगणक आणि मुख्य बॅटरीला गाडीशी जोडणारे मोठे स्विच हे सारे तिच्या जिवावर चालते. ती उतरली तर मुख्य बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी डोळे उघडत नाही. शिवाय विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक सुटत नाही आणि गाडीची चाके जखडलेलीच राहतात. अशी गाडी क्रेनने फरफटत नेली तर टायर आणि गिअर दोन्हींचे नुकसान होते. पुस्तिकेत परवानगी असेल, तर बाहेरून १२ व्होल्टचा आधार देऊन ती जागी करता येते आणि टोइंगची वेळच येत नाही. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहणाऱ्या या छोट्या बॅटरीची तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगला करून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. आपल्या ई-मोटारीच्या छोट्या बॅटरीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देण्याचा परोपकार मात्र टाळावा. बहुतेक कंपन्यांनी तो निषिद्ध ठरवला आहे.

चार्ज संपून गाडी थांबली असेल, तर ‘शून्य टक्के’ याचा अर्थ समजून घ्यायला हवा. तो बॅटरीचा खरा तळ नसतो. नियंत्रण यंत्रणा थोडी वीज राखून ठेवते. लिथियम-आयन सेलचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता निर्माण होते. राखीव वीज त्यापासून वाचवण्यासाठी असते. त्यामुळे थांबलेली गाडी पुन्हापुन्हा सुरू करून अजून दोन किलोमीटर रेटण्याचा मोह टाळावा आणि रिकामी गाडी लवकरात लवकर चार्जिंगला लावावी. अशी गाडी सुट्ट्यांमुळे किंवा विम्याच्या कागदांसाठी गॅरेजच्या आवारात आठवडे-महिने पडून राहणे हे बॅटरीच्या दृष्टीने सर्वांत वाईट. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली असावी आणि गाडी उन्हात नसावी. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीची आणखी एक खोड आहे. चार्ज घटत असताना तिचा दाब बराच काळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे उरलेल्या विजेचा अंदाज चुकू शकतो. म्हणून अशा गाड्या ठरावीक काळाने पूर्ण शंभर टक्के चार्ज करण्याची सूचना अनेक कंपन्या करतात. ती पाळली, तर पडद्यावरच्या किलोमीटरवर जरा अधिक विश्वास ठेवता येतो.

इथवरचा मामला पैशांचा. अपघातानंतर तो बदलतो. ई-मोटारीत साधारण ३०० ते ४०० व्होल्ट, काहींत त्याहून अधिक दाबाची वीज खेळते. घरातली वीज २३० व्होल्टची असते. मोठ्या धडकेत मुख्य स्विच आपोआप तुटतात, पण बॅटरीच्या पेटीतील ऊर्जा तिथेच अडकून राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० च्या अहवालात याच अडकलेल्या ऊर्जेकडे लक्ष वेधले. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अपघातग्रस्त मोटारीची आग विझवून ती आवारात नेऊन ठेवल्यावर पाच दिवसांनी बॅटरी पुन्हा पेटली. त्याच वर्षी मे महिन्यात फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवतानाच आग पुन्हा भडकली. म्हणजे धोका फक्त चालकाला नाही, तर क्रेनवाला, अग्निशमन जवान आणि आवाराचा राखणदार यांनाही आहे. त्यासाठी अपघातग्रस्त ई-मोटार इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून साधारण १५ मीटर दूर, मोकळ्यावर ठेवावी, असा संकेत तिथे रूढ आहे.

धक्क्यानंतर पेटीतून फसफसण्याचा किंवा फुटाण्यासारखा आवाज येणे, वेगळाच वास येणे किंवा पांढरा-करडा धूर दिसणे ही पळण्याची खूण आहे, वाकून बघण्याची नव्हे. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करणारे वायू असतात. त्यामुळे वाऱ्याच्या वरच्या बाजूला दूर उभे राहावे. नारिंगी रंगाच्या केबलना हात लावू नये. तो रंग मुळातच इशारा म्हणून दिलेला असतो. पुराच्या पाण्यात बुडालेली ई-मोटार सुरू करून पाहू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते. सप्टेंबर २०२२ मधील इयान चक्रीवादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या अनेक ई-मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या. भरतीच्या वेळी तुंबणाऱ्या मुंबईने आणि खाडीकाठच्या शहरांनी हा धडा आधीच गिरवून ठेवलेला बरा.

यातून ई-मोटारींची भीती वाटण्याचे कारण नाही. उपलब्ध नोंदी पाहता त्या पेट घेण्याचे प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपेक्षा कमीच दिसते. फरक एवढाच की, त्यांच्या आगीचा स्वभाव वेगळा आहे आणि तो माहीत असलेली माणसे रस्त्यावर हवीत. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने ई-मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली, हे स्वागतार्हच. पण ज्या रस्त्यांवर या गाड्यांना बोलावायचे, तिथे त्या बंद पडल्यावर न्यायची सोय करणे ही त्याच धोरणाची दुसरी बाजू आहे. टोल रस्त्यांच्या कंत्राटांत फ्लॅटबेड आणि चाकाखालच्या ट्रॉल्या बंधनकारक हव्यात. शहरांत चुकीच्या जागी उभ्या गाड्या उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिरवी पाटी दिसताच वेगळी पद्धत वापरण्याचे प्रशिक्षण हवे. पोलीस ठाण्यांच्या आवारात अपघातग्रस्त ई-मोटारींसाठी मोकळी जागा राखायला हवी. प्रत्येक प्रारूपाच्या आपत्कालीन सूचना कंपन्यांनी मराठीत अग्निशमन दलांना आणि क्रेनचालकांना पुरवायला हव्यात.

ग्राहकानेही गाडी घेताना रंग आणि रेंज यांच्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत : रस्त्यात बंद पडल्यास फ्लॅटबेडच येणार का, आणि किती किलोमीटरपर्यंत मोफत? उत्तर लेखी घ्यावे. डिकीतला दोर मदतीला आलेल्या माणसाची नियत दाखवतो. ती मोलाची आहेच. पण विजेच्या मोटारीला हवी असते ती चारही चाके जमिनीवरून उचलणारी मदत, आणि ती घाटातही वेळेवर पोहोचेल याची हमी राज्यानेच द्यायला हवी.