नस्तीत न मावणारे गाणे

वनजमीन वनेतर कामासाठी वळती करण्याचा प्रस्ताव टेबलावर येतो, तेव्हा त्याचा आकार ठरलेला असतो. क्षेत्र हेक्टरमध्ये, झाडे बुंध्याच्या घेरानुसार, छत्राची घनता दशांशात, पर्यायी वनीकरणाची जागा आणि भरावयाची रक्कम. वन्यजीवांच्या परिच्छेदात वाघ किंवा हत्ती असेल तर नस्ती थबकते. पक्ष्यांच्या वाट्याला मात्र बहुधा नावांची एक यादी येते आणि तिच्यावरून नजर फिरवून आपण पुढचे पान उलटतो. मीही तसेच करीत आलो आहे. म्हणून हे लेखन कोणा एका विभागावरील टीका नसून आपल्या मोजमापाच्या पद्धतीविषयीची शंका आहे.

जंगल तुटले की पक्षी नाहीसे होतात, असे आपण ढोबळपणे म्हणतो. प्रत्यक्षात घडते ते अधिक फसवे असते. तोडलेल्या जागी बुलबुल, साळुंकी, शिंपी हे माणसाच्या सोबतीला सरावलेले पक्षी येतात. एकूण संख्या फारशी घटत नाही, क्वचित वाढतेही. जातात ते घनदाट सावलीत, जमिनीलगतच्या झुडपांत कीटक टिपणारे गायक. त्यांना ओलावा, पालापाचोळा आणि आडोसा लागतो. जंगलाला कडा पडली की ऊन आत शिरते, आणि घरट्यांवर डोळा ठेवणारे भक्षकही. निव्वळ संख्या मोजणाऱ्याला यात काहीच बिघडलेले दिसत नाही.

दक्षिणेकडील सह्याद्रीच्या माथ्यावरचे शोला वन हे याचे बोलके उदाहरण. डोंगरघळींत खुरट्या सदाहरित वृक्षांचे पुंजके आणि भोवती गवताळ माळ, असे हे निसर्गरूप आहे. तेथील शोलाकिली हा लहानसा निळसर गायक पक्षी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचे वेगळेपण एवढे, की 2017 मध्ये संशोधकांनी त्याच्यासाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती (जीनस) मांडली. पालघाटच्या खिंडीने उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे शोलाकिली फार प्राचीन काळी विलग केले. त्यांच्या गाण्यांत फरक असणे स्वाभाविकच. परंतु 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अलीकडच्या जंगलतोडीने अलग पडलेल्या समूहांच्या गाण्यांतही भेद आढळला आणि त्याचे स्वरूप प्राचीन खिंडींमुळे पडलेल्या भेदाहून निराळे होते. निसर्गाने लाखो वर्षांत जे अंतर पाडले, त्या जातीचे अंतर आपण दीड-दोन शतकांत चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटल लावून पाडू लागलो.

गायक पक्ष्यांची पिले गाणे वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकतात. ऐकवणारेच विरळ झाले तर परंपरा खुरटते. परमुलखात घर केलेल्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता कायद्याकडे पाहू. 1980 च्या वन संवर्धन अधिनियमाने मनमानी तोडीला लगाम घातला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याचे दर हेक्टरी सुमारे 4.38 ते 10.43 लाख रुपये ठरविले. 2022 मध्ये ते वाढले. 2016 च्या कायद्याने पर्यायी वनीकरणाच्या निधीला चौकट मिळाली. पण भरपाईची भाषा मुळात क्षेत्राची आणि रकमेची आहे. देशाच्या वनस्थिती अहवालात एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर किमान 10 टक्के छत्र असेल तर ते वनाच्छादन ठरते. मग ती झाडे नैसर्गिक असोत, लागवडीची असोत वा फळबागेची. पळणीच्या डोंगरांत 2014 पर्यंतच्या चार दशकांत सुमारे दोन तृतीयांश गवताळ माळ लागवडीखाली आणि शेतीखाली गेले. त्यातली लागवड या व्याख्येत हिरवीच ठरते. शोलाकिलीला मात्र तिचा उपयोग नाही.

रस्ता हवा, पाणीपुरवठा हवा, हे मीही लिहितो आणि मनापासून लिहितो. आणखी एक अट म्हणजे आणखी विलंब, हा आक्षेपही मला अपरिचित नाही. तरीही तीन गोष्टी आजच्या चौकटीत करता येतील. एक, पक्ष्यांची पाहणी विणीच्या हंगामात, पहाटे, ध्वनिमुद्रण करणारी उपकरणे लावून व्हावी. त्यांचा खर्च भरपाईच्या रकमेपुढे नगण्य आहे. दोन, पर्यायी वनीकरण दूरच्या उजाड तुकड्यावर न करता, तुटलेले वनखंड जोडणाऱ्या पट्ट्यात, स्थानिक वृक्षांचे आणि शक्यतो नैसर्गिक पुनरुत्पादनाने व्हावे. तीन, यशाचा दाखला रोपे जगल्याच्या टक्केवारीवर न देता, पाचव्या आणि दहाव्या वर्षी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा करून द्यावा. आणि जेथे शोलासारखे वन आहे, तेथे भरपाईचा विचार करण्याआधी आखणी बदलता येते का, हे पाहावे.

2023 च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात, दीर्घकालीन कल तपासता आलेल्या 338 जातींपैकी 60 टक्के घटलेल्या दिसल्या. त्याचे सारे कारण वनतोड नव्हे. परंतु त्यातील आपला वाटा मोजण्याची सोय तरी आपल्या प्रपत्रात असावी. ज्याचा रकाना नाही, त्याची हानीही कागदावर होत नाही.

पुढच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी मी एकच प्रश्न लिहून पाठवणार आहे: या जागी पहाटे कोण गाते, आणि ते कोणी ऐकले आहे?