टोकनाची घाई

साखरपुडा झाला की आमच्या घरांतून एकच धोशा सुरू होतो: फ्लॅट आत्ताच बुक करा, दिवाळीनंतर भाव चढेल! ही भीती विकणारा पेरतो आणि आम्ही वडीलधारी माणसे तिला खतपाणी घालतो, हे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरी भागातील ४१ इमारती सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या होत्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या आणि शेकडो संसार रस्त्यावर आले. त्यांनाही कोणी तरी 'संधी दवडू नका' असे म्हटलेच असेल.

करार नोंदविण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला मनाई केली आहे. तरी आम्ही रोख मोजतो. आणि बिल्डर मेव्हण्याच्या ओळखीचा, म्हणून बांधकाम परवानगीसुद्धा मागत नाही!

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असेही मुलांना ऐकविले जाते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा खरोखरच पाण्यात होते. नव्या जोडप्याने दोन पावसाळे भाड्याने काढून, कोणती गल्ली तुंबते हे आधी पाहिले, तर आमचे नाक कापले जाते काय?